लाकडी जोडा आणि छोटे पूल

आमच्या वर्धा जिल्ह्यातला सगळ्यात कामसू माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी 'अज्ञात इसम' असं उत्तर देईन. सोंगून ठेवलेली सोयाबीनची गंजी रातोरात पेटवायची, विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून न्यायची, ठिबकच्या नळ्या चिरून ठेवायच्या, ही सगळी कामं तो एकटा उरकतो. सुट्टी घेत नाही, फोटो छापून यावा अशी अपेक्षाही ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या कर्तृत्वापुढे एकच शब्द असतो: घातपात. हा शब्द बातमीदारांच्या हाताला इतका बसलाय की जिनिंगमधल्या कापसाला आग लागली तरी शेवटच्या ओळीत घातपाताची शक्यता नाकारता येत नाहीच. खरं तर कापसातून एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडायला तेवढं पुरतं, आणि खड्याचं कुणाशी वैर नसतं.

अपघात आणि घातपात हे एकाच घरातले भाऊ. अपघाताला कर्ता नसतो. घातपाताला तो असतोच, फक्त सापडत नाही. आणि या घराण्यात एक बहीणही आहे, ती शेतकऱ्याला माहीत असते. जमिनीत नेमकी ओल असते, ढेकूळ हातात घेतलं तर चिकटत नाही आणि भुगाही होत नाही, तेव्हा शेतकरी म्हणतो, घात आली. म्हणजे पेरा. ही घात चुकली की मग त्याचा घात होतो. 'आली' आणि 'झाला' एवढ्या फरकावर वर्षभराची ज्वारी-कपाशी अवलंबून असते. मराठी शिकू पाहणाऱ्या परक्या माणसाला हे लिंगप्रकरण कुणी समजावून सांगू नये, तो परत जाईल.

पण मला बोलायचंय ते इंग्रजीतल्या सॅबोटाजबद्दल. कोशात त्याच्यापुढे घातपात लिहिलेलं असतं, पण ते अंगाला ढगळ होतं. घातपाताला रक्ताचा वास आहे. तोडफोड म्हटलं की अतिक्रमण हटवणारं पथक डोळ्यांपुढे येतं. विध्वंसाला निदान एखादा राक्षस लागतो, पुराणातला नाही तर महानगरपालिकेतला. नासधूस मात्र आमच्या ओळखीची. बोरच्या जंगलाला लागून सेलू तालुक्यातली जी गावं आहेत, तिथं ती रोज रात्री चालते. रानडुकरं शेत उकरतात, रोह्यांचा कळप तूर साफ करतो. शेतकरी पंचनाम्याचा अर्ज करतो, वनखात्याचा माणूस येऊन पावलांचे ठसे बघतो. पण रोह्यावर घातपाताचा आरोप आजवर कुणी केलेला नाही. त्याला भूक असते, हेतू नसतो. सॅबोटाजला हेतू लागतो. शिवाय तो करणारा बहुतेक वेळा आतलाच लागतो. ज्या यंत्राची कळ त्याला ठाऊक आहे, त्याच यंत्राची तो कळ काढतो.

हा शब्द इंग्रजांचाही नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, आणि उचलल्याची खूण म्हणून शेवटचा उच्चार फ्रेंच ठेवला. फ्रेंच भाषेत 'साबो' म्हणजे लाकूड कोरून केलेला जोडा. त्यावरून एक गोष्ट सांगतात: यंत्रमाग आले, विणकरांच्या पोटावर पाय आला, तेव्हा चिडलेल्या कामगारांनी पायातले लाकडी जोडे काढून यंत्रात भिरकावले आणि माग बंद पाडले. गोष्ट इतकी झकास आहे की ती खोटी असावी याचं वाईट वाटतं. तिला आधार सापडत नाही. दुसऱ्या एका गोष्टीत म्हणतात, १९१० साली फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला, तेव्हा रूळ ज्या तुकड्यावर बसवतात त्यालाही साबो म्हणत आणि संपकऱ्यांनी ते तुकडे काढले. हीही बरी आहे, पण हिचा तारखेशी मेळ बसत नाही. कारण त्याच्या तेरा वर्षं आधी, १८९७ मध्ये, तुलूझ इथल्या कामगार परिषदेत एमिल पूजे नावाच्या गृहस्थाने हा शब्द रीतसर मांडलेला होता. १९१० च्या संपाने एवढंच केलं की शब्द खाडी ओलांडून इंग्रजीत पोचला.

आणि पूजेला जोडे फेकायचे नव्हतेच. लाकडी जोडे शहरातले लोक घालत नसत. ते खेड्यातल्या माणसाच्या पायात असत. चालताना खडखडाट. शहरी भाषेत 'साबो घातल्यासारखं काम' म्हणजे गबाळं, अडाणी, धसमुसळं काम. पूजेचं म्हणणं असं की, मालक चांगली मजुरी देत नसेल तर तुम्हीही चांगलं काम देऊ नका. जोडे घातल्यासारखं करा.

त्याने दाखला दिला तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोदीचा. १८८९ साली तिथल्या हमालांनी दहा टक्के वाढ मागून संप केला. मालकांनी वाढ दिली नाही. खेड्यांतून शेतमजूर आणून जहाजं भरून घेतली. संप फसला. कामावर परत जायच्या आधी संघटनेच्या सचिवाने हमालांना गोळा करून जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: मालक त्या शेतमजुरांच्या कामावर खूश आहेत असं ते स्वतःच म्हणतात. आपण पाहिलंय, त्यांना जहाजावर धड चालता येत नव्हतं, उचललेल्यातला निम्मा माल ते पाडत होते, दोघं मिळून आपल्या एकाचं काम करत नव्हते. मालकाला तसंच काम आवडत असेल तर आपणही तसंच करू या. फक्त ते मधूनमधून पाण्यात पडत होते, तेवढं तुम्ही करायची गरज नाही.

दोन-तीन दिवस हमालांनी अगदी आज्ञाधारकपणे वाईट काम केलं. मग मालकच सचिवाकडे आले आणि म्हणाले, यांना पहिल्यासारखं काम करायला सांगा, वाढ देतो.

ही गोष्ट मला फार आवडते, पण वर्ध्यात बसून ती वाचताना एक गोष्ट खुपते. गबाळ्या कामाचा नमुना म्हणून शेतमजुरालाच का निवडलं? जरा उलटं करून बघू. समजा आमच्याकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांनी किलोमागे दर वाढवून मागितला, मिळाला नाही, आणि त्यांच्या जागी सरकारी कचेरीतले चार कारकून पऱ्हाटीत उभे केले. सीतादही करून, नारळ फोडून, साग्रसंगीत. पहिल्या तासात नखांच्या कडा फाटतील, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं कुणाचा हुद्दा विचारत नाहीत. दुपारपर्यंत ओटीत कापसापेक्षा पालापाचोळा जास्त. कवडी आणि पांढरा कापूस एकाच गाठोड्यात. संध्याकाळी काट्यावर वजन करताना शेतकरी डोक्याला हात लावेल. मग बाया परत येतील आणि त्यांची म्होरकी म्हणेल, "पाह्यलं ना माय, सायेब लोक कसे वेचतेत? आता आपणबी तसंच वेचाचं. फक्त चहाले दहा वेळा जाऊ नका." इंग्रजी कोशात त्या दिवसापासून एका नव्या शब्दाची भर पडेल आणि त्याचं मूळ जोड्यात नाही, फायलीत सापडेल.

वर्ध्याचा आणि जोड्याचा संबंध मात्र खरोखरचा आहे. १९३०-४० च्या सुमारास नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत. तिथं आपल्या मरणाने मेलेल्या गुरांचं चामडं कमवत आणि त्याच्या चपला करत. कुणालाही न मारता केलेली चप्पल. खादी घालून पायात मात्र खाटिकखान्यातलं चामडं, ही विसंगती त्या काळच्या आश्रमवासीयांना छळायची, आणि त्यांनी ती अशी सोडवली. यंत्राचा प्रश्नही त्यांनी आपल्या पद्धतीने घेतला. हिंगणघाटला, पुलगावला गिरण्या होत्या. त्यांच्यात जोडा टाकायला कुणी गेलं नाही. माणसं मगनवाडीत घाणा, हातकागद आणि चरखा घेऊन बसली. १९३८ च्या अखेरीस गांधीजींनी मगन संग्रहालय उघडलं, ते याच उद्योगांचं. यंत्राला विरोध करायचा तर त्याच्या शेजारी बसून सूत काढायचं. यंत्राला याचा त्रास किती झाला हा वेगळा मुद्दा, गिरण्या पुढे बंद पडल्या त्या दुसऱ्याच कारणांनी.

अशा या गावाला १९४२ मध्ये सॅबोटाजचा अर्थ लावायची पाळी आली. १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, पुढे मुंबईत ८ ऑगस्टला 'छोडो भारत' झालं, आणि ९ तारखेच्या पहाटे सगळे पुढारी तुरुंगात गेले. मागे राहिले ते लोक आणि तारा, रूळ, खांब, पूल. १६ ऑगस्टला नागपंचमीच्या दिवशी आष्टीला पोलीस ठाण्यावर जमाव गेला, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. आजही ते गाव आष्टी (शहीद) म्हणूनच लिहिलं जातं. लोक एकमेकांना विचारत होते, काय चालतं आणि काय नाही? तार तोडली तर ती हिंसा होते का? तारेला दुखतं का?

उत्तर देण्याचं काम किशोरलाल मशरूवाला यांच्या गळ्यात पडलं. महादेवभाई देसाई पकडले गेल्यावर 'हरिजन' साप्ताहिकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. मूळचे वकील, काही वर्षं अकोल्याला वकिली केलेले, मग सगळं सोडून गांधीजींकडे आलेले आणि वर्ध्यात स्थिरावलेले. दम्याने कायम बेजार. स्वभाव असा की पंख्याखाली मुंगी आली तर आधी पंखा बंद करतील की मुंगीला विचारतील, सांगता येत नाही. आणि या माणसाला ठरवायचं होतं की कुठवर मोडतोड करायची.

२३ ऑगस्टच्या अंकात त्यांनी लिहिलं. कचेऱ्या, बँका, धान्याची कोठारं लुटणं-जाळणं चालणार नाही. दळणवळण विस्कळीत करणं अहिंसक रीतीने चालेल, म्हणजे कुणाचा जीव धोक्यात न घालता. तारा तोडणं, रूळ काढणं, छोटे पूल पाडणं याला अशा लढ्यात हरकत घेता येणार नाही, पण माणसाच्या जिवाची पुरेपूर काळजी घेतली पाहिजे. आणि हे आपलं वैयक्तिक मत.

मी हा परिच्छेद अनेकदा वाचलाय आणि दर वेळी 'छोटे पूल' या दोन शब्दांवर अडकतो. त्यात अकोल्याचा वकील आणि वर्ध्याचा साधक एकाच खुर्चीवर बसलेत. छोटा म्हणजे किती? धाम नदीवरचा चालेल की तो मोठा झाला? नाल्यावरची मोरी नक्की छोटी, पण त्या मोरीवरून बाळंतिणीची छकडी येणार असेल तर? आणि काळजी घ्यायची म्हणजे कशी? रूळ काढून ठेवल्यावर दोन्ही बाजूंना तांबडे कंदील लावून उभं राहायचं, स्टेशनमास्तरला पोस्टकार्ड टाकायचं: 'महोदय, उद्या सकाळी सव्वासात वाजता आम्ही तीन रूळ काढत आहोत, तरी कृपया गाडी सोडू नये'? हसू येतं, पण गांधीजींची रीत हीच होती. १९३० मध्ये मीठ उचलायच्या आधी त्यांनी व्हाइसरॉयला २ मार्चला पत्र लिहून सगळं कळवलं होतं. मिठाच्या बाबतीत हे जमतं. रुळाच्या बाबतीत पोस्टकार्डाला उत्तर म्हणून पोलिसांची गाडी येते.

सरकारने अर्थातच तो परिच्छेद उचलला. १९४३ च्या फेब्रुवारीत दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका काढली, त्यात मशरूवालांचे शब्द पुरावा म्हणून आले. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी १५ जुलैला तिला लांबलचक उत्तर पाठवलं. त्यात ते या जागी येतात आणि आपल्या माणसाबद्दल भरभरून बोलतात: माझ्या अत्यंत मोलाच्या सहकाऱ्यांपैकी एक, अहिंसा मलाही चक्रावून टाकील इतक्या टोकाला नेणारा. आणि लगेच सांगतात की या परिच्छेदाचं समर्थन मी करणार नाही. पूल, रूळ वगैरेंना हात लावणं अहिंसक होऊ शकतं का, यावर आमची चर्चा होत असे, ती त्यांनी ऐकली असेल. तत्त्वतः ते होऊ शकतं असं मी मानतो. पण प्रत्यक्षात, लोकसमूहापुढे ते मांडणं धोक्याचं, कारण जमाव ते अहिंसेने करील अशी अपेक्षा धरता येत नाही.

सरकारला एवढं प्रांजळ उत्तर सोयीचं नव्हतं आणि भूमिगतांनाही नव्हतं. त्या लढ्यात महाराष्ट्रात ज्यांना करायचं होतं त्यांनी पुलाची लांबी मोजली नाही. कर्जत-मुरबाडकडे भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल मारले गेले. साताऱ्याकडे प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांच्या धाडसापुढे मान झुकतेच. तरीही मला वर्ध्याची ती हिशेबी, जराशी हास्यास्पद काळजी जवळची वाटते. जगभरात या शब्दाचा वापर करणाऱ्यांनी नुकसान किती करता येईल याचाच विचार केला. नुकसान किती कमी लोकांना लागेल याचा विचार करत रात्री जागणारा दमेकरी संपादक दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही.

मुंबई-हावडा मार्गावरचं आमचं वर्धा जंक्शन आणि त्याच्या शेजारचं, पूर्वी वर्धा ईस्ट असलेलं सेवाग्राम स्टेशन, दोन्ही आता इतक्या गाड्यांनी गजबजलेली असतात की त्यांचं वेळापत्रक विस्कळीत करायला कुणाला हरिजनचा अंक वाचावा लागत नाही. आउटरवर गाडी पाऊण तास उभी राहते, प्रवासी उतरून शेजारच्या शेताकडे बघत बसतात. यात हेतू नसल्यामुळे याला सॅबोटाज म्हणता येत नाही. हेतू नसलेलं नुकसान मोजायला आपल्याकडे शब्दच कमी पडतात, म्हणून आपण त्याला 'तांत्रिक कारण' म्हणतो.

शब्दाचं काय, तो काही थांबला नाही. मालकाविरुद्ध निघाला, सरकारविरुद्ध गेला, महायुद्धात शत्रूच्या कारखान्यांत शिरला, आणि फिरत फिरत परवा आमच्या घरी येऊन पोचला. माझी पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. म्हणजे टेबलावर पुस्तक उघडं असतं आणि ती मोबाईलमध्ये असते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काकाजी, मी आळशी नाही. माझं सेल्फ सॅबोटाज होऊन राहिलं."

मी चष्मा काढून ठेवला. आमच्या वेळी याला टाळाटाळ म्हणत आणि त्यावर उपाय म्हणून वडील नुसते खोकत. पण हिच्या मते आपल्याच आतला कुणीतरी आपलं काम मुद्दाम बिघडवतो, उशिरा उठवतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी कपाट आवरायला लावतो. ऐकत गेलो तसं मला ते पटायला लागलं. कारण मग मालक तीच आणि मजूरही तीच. मालक म्हणतो, रोज बारा तास अभ्यास. मजुराने एकदा संप केला, तो मोडला गेला. आता तो मुकाट्याने कामावर येतो, पुस्तकापुढे बसतो, पानं उलटतो, आणि डोक्यात एक ओळ शिरू देत नाही. ग्लासगोच्या गोदीत जे झालं त्यापेक्षा हे वेगळं कुठे आहे?

मी तिला ती सगळी गोष्ट सांगितली, हमाल, शेतमजूर, पाण्यात पडणारे, सगळे. म्हटलं, "आतल्या माणसाला शिव्या देऊ नकोस, त्याची मागणी काय आहे ते विचार. त्या हमालांची मागणी फक्त दहा टक्क्यांची होती. तुझ्या मजुराला कदाचित दुपारची एक झोप हवी असेल, रविवारी सुट्टी हवी असेल."

पुतणीने वही ओढली आणि चटाचट यादी करायला घेतली. दुपारी दोन ते चार झोप. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पाणीपुरी. रविवारी पूर्ण सुट्टी, शनिवारी अर्धी. दोन परीक्षांच्या मध्ये महाबळेश्वर. गेल्या कित्येक महिन्यांत तिने इतक्या एकाग्रतेने काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. पोळीचा हात पुसत बाहेर आल्या, यादीवरून एक नजर फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या मजुराले म्हणा, वाढीचं मागून पाहू. पहिले कामावर तर ये."

"आई, संप सुरू आहे," पुतणी म्हणाली, आणि यादीत आणखी एक कलम घातलं.